पिचिंग रबर बसवायचं कसं: आधी दोरी, मग खड्डा

बेसबॉलच्या मैदानावर पिचिंग रबर, म्हणजे पिचर (बॉल टाकणारा) ज्याला पाय लावून बॉल टाकतो तो पट्टा, बसवायचं म्हटलं की लोक पहिलं काय करतात तर कुदळ उचलतात. अहो थांबा जरा. रबर म्हणजे दिसायला नुसता २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद पांढरा पट्टा, पण तो एकदा बसला आणि आजूबाजूची माती ठोकून घट्ट झाली की मग "जरासा इकडे घेऊया का" हे चालत नाही, सगळं उकरून पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून यातलं मुख्य काम टेप आणि दोरीचं आहे, खणणं नंतर, आणि तेही तसं थोडंच.

मोठ्यांच्या मैदानाचं माप असं: होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो तिथली जमिनीतली पाचकोनी पाटी) मागच्या टोकापासून रबरच्या पुढच्या कडेपर्यंत ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. सगळे घोळ या एका वाक्यात होतात. मागचं टोक म्हणजे कॅचरच्या (प्लेटमागे बॉल झेलणाऱ्याच्या) बाजूचा तो अणकुचीदार कोपरा, जिथे दोन्ही फाउल लाइन, म्हणजे मैदानाच्या दोन बाजूंच्या आखलेल्या रेषा, एकत्र येतात. प्लेटची पिचरकडची सपाट कड त्याच्या १७ इंच पुढे असते, तिथून टेप लावली तर तुमचं रबर १७ इंच मागे जाणार. आणि इकडे रबरची पुढची कड म्हणजे बॅटरकडची, मागची धरलीत तर पिचर ६ इंच पुढे येऊन उभा राहतो आणि बॅटर बिचारा विचार करत बसतो की आज बॉल एवढा लवकर का येतोय.

ते वरचे ६ इंच आले कुठून हा प्रश्न सगळ्यांना पडतो. कुणीतरी ६० फूट ० इंच वाचताना चूक केली अशी एक गोष्ट सांगतात, ऐकायला मजा येते पण तसं काही नाहीये. १८९३ च्या आधी पिचरला रबर नव्हतं, एक आखलेला चौकोन होता, त्याची पुढची रेघ ५० फुटांवर आणि मागची ५५ फूट ६ इंचांवर, आणि पिचरचा मागचा पाय त्या मागच्या रेघेवर असायचा. १८९३ मध्ये चौकोन काढून तिथे रबर आणलं आणि पिचरला ५ फूट मागे ढकललं, झाले ६० फूट ६ इंच. तेव्हाचं रबर १२ बाय ४ इंचाचं होतं, आताचं २४ बाय ६ हे माप १८९५ पासूनचं.

मुलांच्या मैदानावर हे आकडे चालत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो. लिटल लीगच्या (मुलांच्या बेसबॉलच्या) ६० फुटी मैदानावर, म्हणजे दोन बेसमध्ये ६० फूट असतात तिथे, अंतर ४६ फूट, रबर १८ बाय ४ इंचाचं आणि माउंडची, म्हणजे रबर ज्यावर असतं त्या मातीच्या उंचवट्याची, उंची ६ इंच. फास्टपिच सॉफ्टबॉलला कॉलेज लेव्हलला ४३ फूट आणि तिथे माउंडच नसतो, रबर सपाट जमिनीत. तुमच्या लीगचं नियमपुस्तक काय म्हणतं ते बघा आणि तोच आकडा धरा. पुढे मी मोठ्या मैदानाचं सांगतोय, पण पद्धत सगळीकडे तीच, फक्त आकडे बदलायचे.

सामान फार नाही. १०० फुटांची स्टीलची टेप (कापडी किंवा फायबरची नको, ती ताणली की लांबते आणि तुम्हाला कळतही नाही), न ताणणारी बारीक दोरी, खुंट्या, २ फुटांची आणि जमलं तर ४ फुटांची स्पिरिट लेव्हल, फावडं, धार असलेली सपाट कुदळ, धुम्मस, रबरी हातोडा, पाणी, आणि माउंडची चिकणमाती. टेपचा शून्य कुठे आहे तेही आधीच बघा. काही टेपांचा शून्य कडीच्या बाहेरच्या टोकाला असतो, काहींचा पट्टीवर थोडा आत, आणि अख्खं मैदान एका बाजूला इंचभर सरकलेलं असतं ते बऱ्याचदा या कडीमुळेच.

आता दोरी. होम प्लेटच्या मागच्या टोकावर एक खुंटी, सेकंड बेसच्या (होम प्लेटच्या बरोबर समोरचा, पिचरच्या मागचा बेस) बरोबर मध्यावर दुसरी, आणि दोघांमध्ये दोरी तारेसारखी ताणून. हे अंतर ९० फुटी मैदानावर १२७ फूट ३ ३/८ इंच यायला पाहिजे. आलं नाही तर रबरचं काम तिथेच थांबवा, कारण मग प्लेट तरी सरकलीये किंवा सेकंड बेस तरी, आणि चुकीच्या दोरीवर रबर कितीही नीट बसवलं तरी ते चुकीचंच. प्लेट वाकडी आहे का ते बघायला फाउल लाइनच्या दोन्ही दोऱ्या ताणा, त्या प्लेटच्या मागच्या दोन तिरक्या कडांना चिकटून गेल्या पाहिजेत. जुन्या मैदानांवर प्लेट थोडी फिरलेली सापडतेच, त्यात नवल काही नाही.

(मैदानच नवीन आखताय तर अजून एक: होम प्लेटवरून रबरमार्गे सेकंड बेसकडे जाणारी लाइन पूर्व-ईशान्येकडे असावी असं नियमपुस्तकात सुचवलंय, म्हणजे दुपारनंतरचा सूर्य बॅटरच्या डोळ्यात जात नाही. जुन्या मैदानाला हे काही करता येत नाही, सोडून द्या.)

दोरी झाली की टेप दोरीच्या बाजूने लावून दोन खुणा करायच्या. पहिली ५९ फुटांवर, हा माउंडच्या गोलाचा मध्य. दुसरी ६० फूट ६ इंचांवर, ही रबरच्या पुढच्या कडेचा मध्य. हो, गोलाचा मध्य रबरवर नसतो, रबरच्या १८ इंच पुढे असतो, कारण पिचर पुढे उतरतो आणि माती त्याला पुढेच जास्त लागते. ५९ ला खुंटी ठोकून ९ फुटांची दोरी फिरवली की १८ फूट व्यासाचा गोल तयार. टेप माउंडच्या उतारावरून थोडी तिरकी गेली तर माप चुकेल का, ही भीती सोडा, १० इंचांच्या चढामुळे एवढ्या लांबीत जेमतेम ०.०७ इंच फरक पडतो. टेपला झोळ पडणं किंवा ती गवतात अडकणं हे त्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतं, सो टेप ताठ धरा आणि मध्ये कुणालातरी उभं करा.

आणि कृपा करून फर्स्ट आणि थर्ड बेसकडे बघत "हां, हे बरोबर मध्ये दिसतंय" असं करू नका. ९० फुटी मैदानात होम प्लेट आणि तीन बेस यांच्या चौकोनाचा खरा मध्य होम प्लेटपासून ६३ फूट पावणेआठ इंचांवर येतो, म्हणजे रबरची पुढची कड फर्स्ट-थर्ड रेषेच्या ३ फुटांहून जास्त पुढे, होमकडे असते. ६० फुटी लिटल लीग मैदानात तर उलटंच, तिथे मध्य ४२ फूट ५ इंचांवर आणि रबर ४६ वर, म्हणजे रेषेच्या साडेतीन फूट मागे. नजर दोन्हीकडे फसवते, आणि फसवते ती सुद्धा विरुद्ध दिशांना.

आता या सगळ्यातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो, अलाइनमेंट तपासणं. रबर दोन प्रकारे चुकतं: एक तर ते फिरतं, म्हणजे त्याचं एक टोक होमकडे आणि दुसरं सेकंडकडे झुकतं, नाहीतर ते अख्खं डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं. लोक एकच तपासणी करतात आणि खूश होतात. ती तपासणी म्हणजे होम प्लेटच्या टोकापासून रबरच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत टेप लावायची, दोन्ही मापं सारखी आली की झालं. मापं साधारण ६० फूट ६ इंच आणि वर इंचाचा दहावा भाग अशी येतात. ही तपासणी चांगलीच आहे, रबर फिरलं असेल तर लगेच पकडते, एक टोक दुसऱ्यापेक्षा १ इंच पुढे असेल तर दोन मापांत जवळपास १ इंचाचाच फरक दिसतो.

पण रबर जर बाजूला सरकलं असेल ना, तर ही तपासणी आंधळी आहे. रबर सरळच आहे पण १ इंच फर्स्ट बेसकडे गेलंय असं समजा, दोन मापांतला फरक येतो फक्त ०.०३ इंच, म्हणजे मिलिमीटरपेक्षाही कमी, तो कुठल्याही टेपवर कुणालाही दिसणार नाही. त्यासाठी दुसरी तपासणी: रबरच्या पुढच्या कडेचा मध्य (दोन्ही टोकांपासून १२ इंच, आधी पेन्सिलने खूण करून ठेवा) तिथून फर्स्ट बेसच्या आणि थर्ड बेसच्या फाउल लाइनवरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत मोजायचं. दोन्ही अंतरं ६३ फूट पावणेनऊ इंचांच्या आसपास येतील, आकड्यापेक्षा ती एकमेकांसारखी आहेत का ते महत्त्वाचं. इथे रबर १ इंच सरकलं तर एक बाजू इंचाने कमी आणि दुसरी इंचाने जास्त, फरक थेट २ इंचांचा, लपतच नाही. तर पहिली तपासणी फिरण्यासाठी, दुसरी सरकण्यासाठी, आणि दोन्ही करायच्या. रबरवरची मधली खूण दोरीच्या बरोबर खाली आहे का ते ओळंबा सोडून बघितलं तरी सरकणं कळतं, पण दोरी वाऱ्याने हलते, म्हणून मी बेसवरून मोजणंच पसंत करतो.

उंचीचं सांगतो. रबरचा वरचा भाग होम प्लेटच्या पृष्ठभागापेक्षा १० इंच वर. आजूबाजूच्या गवतापेक्षा नाही, प्लेटपेक्षा. पाणी वाहून जावं म्हणून मैदानाला बहुतेक वेळा उतार दिलेला असतो, त्यामुळे गवतापासून मोजलं तर आकडा काहीही येऊ शकतो. (आधी ही उंची १५ इंचांपर्यंत चालायची, १९६८ चा सीझन पिचरांनी इतका गाजवला, बॉब गिब्सन या पिचरचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर सरासरी किती रन) १.१२ होता त्या वर्षी, की १९६९ पासून ती १० वर आणली.) लेसर लेव्हल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पारदर्शक पाण्याचा पाइप घ्या, मस्त चालतो. एक टोक होम प्लेटजवळच्या काठीला बांधा, दुसरं रबरजवळच्या काठीला, पाइपातले बुडबुडे पूर्ण काढा, पाणी शांत झालं की दोन्ही काठ्यांवर खूण करा. समजा प्लेटपासून खूण ३६ इंच वर आली, तर रबरजवळच्या खुणेपासून २६ इंच खाली रबरचा माथा पाहिजे. ६० फूट दोरीला छोटी लेव्हल अडकवून उंची काढायचा प्रकार मात्र करू नका, एवढ्या लांब दोरीला झोळ येतोच.

रबरचे प्रकार दोन समजा. एक पातळ पट्टा, खाली खिळे किंवा स्पाइक ठोकून बसवायचा. लावायला सोपा, पण रोजच्या खेळात तो कोपऱ्यातून उचलला जातो, तात्पुरत्या मैदानाला ठीक आहे. दुसरा चारही बाजू वापरता येणारा ठोकळा, ६ बाय ६ बाय २४ इंचाचा, आत पोकळ नळी, एक बाजू झिजली की बाहेर काढून फिरवायचा. कायमच्या माउंडला हाच घ्या, महाग पडला तरी. पुढचं सगळं त्यासाठीच लिहितोय.

माउंडचा वरचा सपाट भाग ५ फूट रुंद आणि ३४ इंच खोल असतो, त्यात रबरच्या पुढे ६ इंच, मग ६ इंच रबर, आणि मागे २२ इंच. हा भाग आधी चिकणमातीने थर देत बांधायचा, साधारण इंचभराचा थर, धुम्मस, थोडं पाणी, पुढचा थर. आधीचा थर कोरडा आणि गुळगुळीत झाला असेल तर वरून खरवडून ओला करा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि सीझनच्या मध्यात पापुद्रे निघायला लागतात. माती साधारण ४० टक्के चिकणमाती असलेली घ्या, इनफिल्डची (बेसच्या आसपासच्या भागातली) भुसभुशीत माती इथे टिकत नाही. ओल किती पाहिजे ते हातात कळतं: मुठीत दाबली की गोळा व्हायला पाहिजे, आणि मूठ उघडल्यावर तळव्याला चिकटून राहायला नको. चिकटली तर थांबा, वाळू द्या. ओल्या चिखलावर धुम्मस मारलं की ती नुसती इकडून तिकडे हलते, घट्ट होत नाही.

सपाट भाग तयार झाला की आता कुठे खड्डा. दोरीला काटकोनात रबरची पुढची कड आखा, त्याच्या ६ इंच मागे मागची कड, दोन्हीकडे १२ इंच. सपाट कुदळीने भिंती सरळ उभ्या कापा, मोकळं मोकळं खणू नका, ठोकळा जेमतेम बसेल एवढाच. मागची भिंत विशेष जपा, कारण पिचर पुढच्या कडेला पाय रेटून ढकलतो आणि तो सगळा जोर रबरला सेकंड बेसकडे लोटत असतो. मागे न हललेली घट्ट माती असेल तर रबर जागचं हलणार नाही, मागे भरलेली सैल माती असेल तर काही आठवड्यांत ६० फूट ६ इंचाचं ६० फूट ७ इंच झालेलं दिसेल.

खड्ड्याचा तळ धुम्मसने घट्ट करा. तळाशी रेती टाकून लेव्हल काढायचा मोह होतो, टाकू नका, ती बसते आणि रबर एका बाजूने खचतं. खोली अशी ठेवा की ठोकळा ठेवल्यावर तो हवा त्यापेक्षा चिमूटभर वर राहील, मग रबरी हातोड्याने किंवा वर लाकडी फळी ठेवून हळूहळू खाली ठोकायचा. खाली गेलेला ठोकळा वर आणायला सगळा बाहेर काढावा लागतो. स्पिरिट लेव्हल लांबीला लावा, रुंदीला लावा, आणि तिरकी पण लावून बघा, पिळ पडलेला असेल तर तिरकीत कळतो.

लेव्हल बरोबर आली की लगेच माती भरायला सुरुवात करू नका, आधी वरच्या दोन्ही तपासण्या पुन्हा. मग फटीत माती थोडी थोडी, एकदा पुढे, एकदा मागे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी फिरवत भरा, आणि काठीच्या बोथट टोकाने ठेचत जा. एकच बाजू आधी पूर्ण भरली तर ठोकळा दुसऱ्या बाजूला ढकलला जातो, आणि डोळ्याला अजिबात दिसत नाही. अर्धं भरून झालं की मोजा, पूर्ण भरलं की परत मोजा. कंटाळा येतो, मान्य आहे. काँक्रीट ओतून टाकू का असं काही जण विचारतात, माझं उत्तर नाही, ठोकळा फिरवता येत नाही, माप सुधारता येत नाही, आणि माती झिजली की काँक्रीटची कडक कड वर येते, त्यावर कुणाचा तरी घोटा मुरगळायचा.

रबरच्या पुढची जागा आणि पिचरचा पुढचा पाय पडतो ती जागा, इथे न भाजलेल्या चिकणमातीच्या विटा घातल्या तर फार फायदा होतो. त्या एकमेकांना चिकटवून लावायच्या, फटीत माती, वरून पाणी, आणि धुम्मस. विटा रबरच्या माथ्याच्या वर यायला नकोत.

उताराचं माप सोपं आहे पण लोक इथे अंदाजाने मारतात. रबरच्या ६ इंच पुढून उतार सुरू, आणि पुढच्या ६ फुटांत दर फुटाला १ इंच खाली. ६ फुटांची एक सरळ फळी घ्या, एका टोकाला खाली बरोबर ६ इंचांचा पाय ठोका. पायाशिवायचं टोक उतार जिथे सुरू होतो तिथे, पायाचं टोक होमकडे. फळीवर लेव्हल ठेवा. बुडबुडा मध्ये आणि पाय जमिनीला टेकलेला, म्हणजे टोकाशी उतार बरोबर. पाय अधांतरी राहिला तर तिथली माती जास्त खाली गेलीये, भर घाला. मधल्या प्रत्येक फुटावर फळीच्या खाली टेप धरून बघा, १ इंच, २ इंच, ३ इंच असं वाढत जायला पाहिजे. मध्ये पोट सुटलेलं किंवा खळगा पडलेला असेल तर पिचर सांगेलच, पण त्याच्या गुडघ्याला आधी कळेल. मध्ये, डावीकडे आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी फळी फिरवा, डावखुऱ्याचा पाय वेगळ्या जागी पडतो.

नंतरची निगा. प्रत्येक मॅचनंतर रबरच्या पुढच्या खड्ड्यातली सुटी माती झाडून काढायची, खळगा ओला करायचा, नवी ओलसर माती भरून ठोकायची आणि वर ताडपत्री. सुटी माती तशीच ठेवून वर नवी टाकली तर ती पहिल्याच इनिंगमध्ये निघून जाते. माउंड पूर्ण वाळू देऊ नका, वाळून भेगा पडल्या की रबरच्या कडेची पकड सुटते. आणि दर सीझनच्या सुरुवातीला टेप बाहेर काढा, प्लेट ते सेकंड, प्लेट ते रबर, रबरचे दोन कोपरे, रबरपासून दोन्ही बेस, आणि उंची. उंची बहुतेक वेळा रबरमुळे नाही तर प्लेटमुळे चुकलेली निघते, कारण प्लेटभोवती माती भरता भरता प्लेटच अर्धा-पाऊण इंच वर उचलून बसवलेली असते, आणि मग माउंड उगाचच "बसला" असं वाटतं. तेव्हा रबर उकरायच्या आधी प्लेट बघा.